डाव्या चाकाचा उलटा आटा

आमच्या मळ्यात चिंचेखाली एक जीप उभी असते. १९६४ सालची, उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी. तिला आजवर तीन रंग दिले, त्यामुळे खरवडाल तिथं निराळा रंग निघतो. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी पुन्हा करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीसाठी त्याची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली होती. यंदा मुदत जवळ आली तेव्हा मुलगा म्हणाला, "आण्णा, एवढी फी भरायची, वर ब्रेकचं काम काढायचं. त्यापेक्षा भंगारात देऊन टाका. येतील ते पैसे तुमचे तुम्ही ठेवा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तो कारखान्यात कामाला आहे, हिशेब त्याला माझ्यापेक्षा बरा कळतो. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक लावला आणि मागचं डावं चाक सोडवायला बसलो. नटाला पाना घातला आणि नेहमीसारखा थांबलो. डावं चाक, उलटा आटा. इथं चुकीच्या अंगाला जोर लावून एक बोल्ट मी १९७९ साली तोडलेला आहे. ती जीप आमच्याकडे आली त्याला तेव्हा आठ दिवससुद्धा झाले नव्हते.

पण जीपच्या आधी गाव सांगितलं पाहिजे.

सातपूर आता नाशिक शहरातच मोजतात. त्र्यंबक रोडनं जाताना शहर कुठं संपलं आणि सातपूर कुठं लागलं हे नव्या माणसाला कळत नाही. माझ्या लहानपणी ते शेतकऱ्यांचं गाव होतं. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला पांडवलेण्याचा डोंगर, मधल्या जमिनीत बाजरी, हरभरा, थोडा गहू आणि विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्यानंतर सातपूरला वसाहत आखली गेली. एकामागून एक शेड उभे राहिले. मायकोचा मोठा कारखाना आला, पुढं महिंद्राचा आला. आमची जमीनही त्या आखणीत होती.

मोजणीला माणसं आली तो दिवस मला अंधुक आठवतो. मी पाच-सहा वर्षांचा असेन. ते जीपमधून आले होते. रस्ता संपला तरी गाडी थांबली नाही. बांधावर चढली, पलीकडं उतरली आणि नांगरटीतून सरळ विहिरीपर्यंत आली. आमचा बैल जिथं गुडघाभर रुतायचा तिथून ती गेली. गावातली माणसं मोजणीच्या साखळीकडं बघत होती, आमचे नाना मात्र गाडीकडं बघत होते. संध्याकाळी आईला म्हणाले, "बांधावरनं गेली गं गाडी, पण बांध नाही मोडला."

त्या काळी खेड्यात जीप म्हणजे सरकार. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली तेव्हापासून गटविकास अधिकारी, शेतकी खात्याची माणसं, देवीची लस टोचणारे, निवडणुकीचे उमेदवार, जो कोणी मोठा माणूस यायचा तो जीपमधून. पोरं धुळीत मागं पळायची. आपल्या घरी अशी गाडी असावी हा विचार कुणाच्या डोक्यात येत नसे. नानांच्या डोक्यात तो त्या दिवशी आला असावा, पण बोलून दाखवायला त्यांना पंधरा वर्षं लागली.

जमिनीचे पैसे मिळाले त्यातून नानांनी महिरावणीच्या अंगाला जमीन घेतली, विहीर खोदली. घर गावठाणातच राहिलं. मळा लांब पडला, आणि माल बाजारात न्यायचा तर बैलगाडीनं अर्धी रात्र जायची. शेवटी १९७९ साली नानांनी एका ठेकेदाराची वापरलेली जीप घेतली. जमिनीच्या पैशातले जे थोडे पोस्टात शिल्लक होते ते त्यात गेले. त्या दिवसापासून आमच्या जुन्या जमिनीचं म्हणून जे काही उरलं होतं, ते चार चाकांवर होतं. म्हणून ती बिघडली की घरात नुसती गाडी बिघडत नसे.

आता ही जीप मुळात कुठली, ते मी फार नंतर वाचलं. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला एक लहान, हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहान कंपनीनं करून दिला, पण ढिगानं गाड्या बनवल्या त्या विलीज आणि फोर्डनं. १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त. चालवणारी पोरं वीस-बावीस वर्षांची, त्यातली कित्येक शेतकऱ्यांची. म्हणून गाडी अशी केली की रस्त्याच्या कडेला बसून कुणालाही उघडता यावी. आपल्याकडं १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या भावांनी गुलाम मोहम्मद यांना बरोबर घेऊन कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्यांनी विलीजच्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या, मग हळूहळू इथंच बनवायला लागले. १९५३ साली अमेरिकेत उंच बॉनेटचं मॉडेल आलं, कारण त्यातलं नवं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावत नव्हतं. ते मॉडेल अमेरिकेत बंद पडलं तरी आपल्याकडं बनत राहिलं. आमची जीप त्यातली.

कुणालाही उघडता यावी म्हणून बनवलेली गाडी. हे वाक्य वाचलं तेव्हा मला हसूच आलं. उघडता येते हे खरं. मला कधीच अडचण आली नाही. अडचण सगळी मिटवायला येते.

तर तो १९७९ चा बोल्ट. मागचं डावं चाक पंक्चर झालं. मी वीस वर्षांचा, दहावी पास, आणि विहिरीवरचं इंजिन आपण दुरुस्त करतो म्हणून अंगात मस्ती. पान्याला लोखंडी पाइप लावला आणि डावीकडं जोर लावला. नट हलेना. रॉकेल टाकलं, हातोडी मारली, पाइपवर उभा राहिलो. कडाडकन आवाज झाला तेव्हा वाटलं, सुटला. बोल्ट मुळातून तुटून हातात आला होता. मग दुसऱ्या नटावर तोच पराक्रम करणार तेवढ्यात तिथून जाणारा एक ट्रकवाला थांबला. म्हणाला, "आवळतोय कशाला एवढा?"

जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटा आटा असतो. चाक फिरतं त्या दिशेनं नट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. सायकलच्या डाव्या पायडलचा आटाही उलटाच असतो, आणि ते मला ठाऊक होतं. दहा वर्षं सायकल चालवली होती. पण सायकलीतलं शहाणपण जीपपर्यंत पोचलं नाही. नानांनी तुटलेला बोल्ट खिशात टाकला आणि म्हणाले, "ठेवून दे. दुकानात दाखवायला लागेल." एवढंच.

तसला बोल्ट कुठल्या दुकानात मिळेना. आमच्या घरापासून चालत जावं एवढ्या अंतरावर कारखान्यांची रांग लागलेली. तिथं दिवसरात्र सुटे भाग बनत, आणि मला एक बोल्ट मिळत नव्हता. मायकोत डिझेल इंजिनाचे नोझल बनत. आमचं इंजिन पेट्रोलचं. तेलाचे भाव भडकल्यावर पुष्कळांनी पेट्रोलचं इंजिन काढून जीपमध्ये डिझेलचं बसवलं. नानांना विचारलं तर म्हणाले, "एकदा बदलायला लागलो तर मग काय काय बदलायचं?"

दुसरी डोकेदुखी पान्यांची. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला वाटतं, पाना तो पाना. आमच्या मळ्यात तीन राज्यांचे पाने होते. विहिरीवरचं जुनं इंजिन इंग्रजी मापाचं. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज माणसानं १८४१ साली ते माप बसवून दिलेलं. जीप अमेरिकन इंचाची. आणि नवीन घेतलेला फवारणीचा पंप मिलिमीटरचा, कारण आपल्याकडं १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि हळूहळू सगळं त्यात गेलं. इंग्रजी पान्यावर बोल्टची जाडी कोरलेली असते, अमेरिकन पान्यावर नटाच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. म्हणजे एकाच आकड्याचे दोन पाने, आणि तोंडं वेगवेगळी. मिलिमीटरचा तेरा नंबर जीपच्या अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो खरा, पण जरासा सैल. दोन-तीनदा तसं खोललं की नटाचे कोपरे जातात आणि नट लिंबासारखा गोल होतो. मग छिन्नी.

बोल्टांचं तर त्याहून वाईट. अर्ध्या इंचाच्या इंग्रजी बोल्टला एका इंचात बारा आटे, अमेरिकनला तेरा. एकाच्या जागी दुसरा लावला तर दोन फेरे हातानं सरळ जातो. माणूस खूष होतो. तिसऱ्या फेऱ्याला अडकतो. आता पान्यानं जोर लावला की दोघांचेही आटे गेले. हे सगळं कुणी शिकवलं नाही, एकेक बोल्ट वाया घालवून कळलं. आमच्याकडचे मिस्तरी या सगळ्या भानगडीतून सुटायला सूत वापरत. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. चार सुती म्हणजे अर्ध्या इंचाचा. अजूनही माझा हात सुतातच चालतो.

लोक विचारतील, एवढा त्रास होता तर गॅरेजला का नाही टाकली? टाकली होती. दोन वेळा. आम्हाला परवडेना. आणि नवी गाडी घेणं तर स्वप्नातही नव्हतं. त्या काळी निवड ती काय, अँबॅसेडर, फियाट नाहीतर जीप. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कुठं ते बदलायला लागलं. तोवर साऱ्या देशातली जुनी वाहनं जुगाडावर आणि घरच्या दुरुस्तीवर चालली. कुणी हौसेनं अंग काळं केलं नाही. गाडी टाकून देण्याची सोयच नव्हती.

१९८३ च्याच आषाढात हेडचं पॅकिंग गेलं. पाणी उकळायला लागलं, धुरांड्यातून पांढरा धूर, आणि ऑइलची पट्टी काढून बघितली तर दुधाच्या चहासारखं ऑइल. पाणी आत शिरत होतं. टोमॅटो तोडणीला आलेला. मी म्हणालो, दोन दिवसांचं काम.

हेडचे सगळे बोल्ट काढले. बोटानं मोजून काढले. हेड हलेना. लाकडी ठोकळा लावून हातोडी मारली. फटीत छिन्नी घालून उचकटलं. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार रस्त्यानं चालले होते, ते आवाज ऐकून आत आले. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेलेली. त्यांनी हातातली छिन्नी काढून घेतली, बाजूला टाकली आणि विचारलं, "कार्बोरेटरखालचा काढला का?"

या इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या बरोबर खाली, हवा आत जाते त्या भोकात असतो. कार्बोरेटर उतरवून आत वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. मी कार्बोरेटर उतरवला होता, पण भोकात कचरा पडू नये म्हणून चिंधी कोंबून ठेवली होती. काळजी घेतली ती नेमकी आडवी आली.

तो बोल्ट काढल्यावर हेड पोळपाटासारखं वर आलं. नवं पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले आणि गाडी चालू केली. चार दिवसांत पुन्हा पांढरा धूर. कारण मी एका टोकाकडून आवळत दुसऱ्या टोकाला गेलो होतो. हेडचे बोल्ट मधून सुरू करून दोन्ही अंगांना, आडवेतिडवे, आणि तीन हप्त्यांत आवळायचे असतात. पहिल्यांदा नुसते टेकवायचे, मग निम्मा जोर, मग पुरा. नाहीतर पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखं एक टोक दाबलं की दुसरं उचलतं. दुसरं पॅकिंग आणलं. बावीस दिवस गेले. टोमॅटो भाड्याच्या टेम्पोनं गेला, त्यातला निम्मा पावसात सडला. दोन पॅकिंगं, टेम्पोचं भाडं आणि सडलेला माल यांची बेरीज नानांनी पंचांगाच्या मागच्या पानावर केली होती. गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या रकमेच्या दुप्पट होती. ते पान मी त्यांच्या माघारी बघितलं. मला दाखवलं मात्र त्यांनी कधी नाही.

त्याच काळात जीपच्या पुढच्या चाकांचे बुश झिजले आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. बुश मिळेना. नाईस वसाहतीतल्या एका लहान शेडमध्ये एक टर्नर होता, आयटीआयमध्ये शिकलेला, गावाकडचाच. जुना बुश त्याच्यापुढं ठेवला. त्यानं उजेडात धरून बघितला, नवा कापला, आणि पैशाऐवजी टोमॅटोचं एक कॅरेट मागितलं. पुढं वर्षानुवर्षं आमचा व्यवहार तसाच चालला. एकदा नाना माझ्याबरोबर आले. मी आत लेथपाशी होतो. बाहेर आलो तर नाना शेडच्या मागच्या भिंतीला हात लावून उभे. आमची जुनी विहीर बुजवली ती साधारण त्याच अंगाला होती. टर्नर बाहेर आला तेव्हा नानांनी त्याला विचारलं, "इथं पाणी लागतं का रे अजून?" तो म्हणाला, "बोअर घेतली, लगेच लागलं की." नानांना त्याचं समाधान वाटलं की वाईट, ते मला आजवर उलगडलं नाही. येताना दोघंही काही बोललो नाही. बुश मात्र अगदी मापात बसला.

आता १९८६. फाल्गुन, द्राक्षांचा तोडा. आदल्या आठवड्यात मी ब्रेकचं काम केलं होतं. मास्टर सिलेंडर उघडला, आतले रबरी कप काढले, काळा चिकटा झाला होता म्हणून रॉकेलनं स्वच्छ धुतले आणि परत बसवले. आमच्याकडं सगळंच रॉकेलनं धुतात. बेअरिंग रॉकेलनं, चेन रॉकेलनं, हातसुद्धा रॉकेलनं. ब्रेक छान लागले. गावात एक चक्कर मारून आलो.

पहाटे पेट्या भरून निघालो. शेजारी नाना. थोडं अंतर गेल्यावर गाडी जड वाटायला लागली, जणू कुणी मागून धरून ठेवली आहे. माल जास्त भरला असेल म्हणून मी जोर देत राहिलो. चाकांपाशी जळका वास यायला लागला. पाझर तलावाचा उतार लागला तेव्हा पेडल दाबलं आणि पाय थेट पत्र्याला लागला. पुन्हा दाबलं. काही नाही. हातब्रेक ओढला, त्यानं दाद दिली नाही. खालच्या गिअरात टाकायला गेलो, पडला नाही. समोर शाळेची पोरं रस्त्यानं चाललेली. मी स्टिअरिंग डावीकडं ओढलं. जीप बांधावर चढली, पलीकडं उतरली, नांगरटीत शिरली आणि ढेकळांत रुतून थांबली.

पोरांना काही झालं नाही. मला खरचटलं. नानांचं कपाळ पुढच्या काचेच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. सात टाके पडले. मागं वळून बघितलं तर पेट्यांचा चिखल झालेला, आणि त्या चिखलातून द्राक्षाचा गोड वास येत होता. तो वास आजही मला सहन होत नाही.

कारण नंतर कळलं. टर्नरनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "रबराला रॉकेल?" रॉकेल, डिझेल, इंजिनचं ऑइल यांनी ब्रेकचं रबर फुगतं. ते धुवायचं तर ब्रेक ऑइलनंच. फुगलेल्या कपानं ऑइल परत यायचं बारीक भोक बुजलं. त्यामुळं पाय काढला तरी ब्रेक सुटेनात. चाकं घासत राहिली, ड्रम तापले, ऑइल उकळून त्याची वाफ झाली. आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल बुडालं. वर त्या काळच्या गाड्यांना चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन. गेली की सगळीच गेली. आता दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी दुसरी धरते. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

जीप बैलांनी ओढून मळ्यात आणली. मी तीन दिवस तिच्याकडं फिरकलो नाही. नानांना म्हणालो, "विकून टाका, नाहीतर गॅरेजला द्या. मी हात लावणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो तर नाना जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले. कपाळाला पट्टी, टोपी पट्टीवर बसत नव्हती म्हणून मांडीवर. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्या जागेवर ते कधी बसलेही नव्हते. म्हणाले, "सांग, कुठलं दाबायचं?"

मी म्हणालो, "नाना, दुसऱ्याकडून करून घेऊ."

"दुसऱ्याला काय ठाऊक, तू काय चुकला ते? तुला ठाऊक आहे."

नवे कप आणले. ब्रेकची हवा एकट्याला काढता येत नाही. एक माणूस पेडलवर लागतो आणि एक चाकाखाली. सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. आमच्या गाडीत ते मागचं डावं. निप्पलला रबराची नळी लावायची, तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं. मी उताणा पडून खालून ओरडायचो, "नाना, दाबा." "दाबलं." "दाबून धरा." मी निप्पल सैल करायचो, बाटलीत बुडबुडे यायचे. निप्पल आवळायचो. "सोडा." परत "दाबा." मधेच त्यांनी आधी सोडलं की हवा परत आत आणि सगळं पहिल्यापासून. दुपारपर्यंत चार चाकं झाली. नानांच्या पायाला गोळा आला होता. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट झालं. नानांनी ते दोन-तीनदा दाबून बघितलं, टोपी घातली, उतरले आणि म्हणाले, "चल, पेट्या भर."

त्याच संध्याकाळी, त्याच उतारावरून, शेजारी बसून आले. मी सगळा उतार पहिल्या गिअरात उतरलो. ते रस्त्याकडं बघत होते, माझ्या पायाकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

नाना जाऊन पंचवीस वर्षांवर झाली. सातपूरच्या कारखान्यांनी पुढं फार मोठं काम केलं. २००० साली बोलेरो आली, २००२ साली स्कॉर्पिओ, दोन्ही नाशिकच्या कारखान्यातून. माझ्या मुलाकडं स्वतःची गाडी आहे. तिच्यात काही बिघडलं तर समोर पिवळा दिवा लागतो आणि मेकॅनिक पान्याच्या आधी कॉम्प्युटरची वायर जोडतो. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले, तेव्हापासून तर इंजिनापाशी घरच्या माणसाचं काही चालत नाही. मला त्याचं दुःख नाही. हवा सगळ्यांचीच आहे. मळ्यातून दिसणारा अंजनेरीचा डोंगर हिवाळ्यात आता पूर्वीइतका स्वच्छ दिसत नाही, हे मलाही दिसतं.

मुलानं दुसरीही वाट सुचवली होती. २०२१ साली सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला वीस हजार भरायचे. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शनाला वगैरे न्यायची. मी म्हणालो, शोभेला ठेवायची तर चिंचेखालीच बरी आहे. तिनं भाजीचं एक तरी कॅरेट वाहिलं पाहिजे.

तर यंदा मी पुन्हा ब्रेक खोलले. कप नवे, ऑइल नवं, रॉकेलची बाटली लांब ठेवली. आता सहासष्टाव्या वर्षी गाडीखाली शिरता येतं, बाहेर येताना मात्र कुणीतरी हात द्यावा लागतो. पेडलवर नात बसली. दहावीची परीक्षा देऊन मोकळी होती. "दाबा" म्हणायची सवय गेली नव्हती, दोनदा तिलाही तसंच म्हणालो आणि ती हसायला लागली. हसताना पाय सुटला. सगळं पहिल्यापासून.

तिसऱ्या चाकाला आलो तेव्हा मुलगा पाळीवरून आला. बूट न काढताच गाडीपाशी उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग उकिडवा बसला आणि बाटली हातात धरली. मी म्हणालो, "पाना दे."

त्यानं पेटीतून दहा नंबरचा काढला.

"तो नको. तीन सुती."

"तीन सुती म्हणजे किती एमएम?"

"साडेनऊच्या वर थोडंसं. एमएममध्ये त्याला पानाच नाही."

त्यानं पेटी पालथी केली आणि एकेक पाना उजेडात धरून त्यावरचे झिजलेले आकडे वाचायला लागला. नात वरून ओरडली, "आजोबा, किती वेळ धरून ठेवू?"

सोमवारी पेठ रोडला गाडी तपासणीला न्यायची आहे.